पन्नीत पाणी राहते, मग वास का राहत नाही?

कैरीच्या लोणच्याचे दिवस होते. नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेला खडा हिंग आईने आधी एका प्लॅस्टिकच्या पन्नीत घातला, तिला गाठ मारली, ती पन्नी दुसऱ्या पन्नीत घालून तिलाही रबर लावले आणि फडताळात ठेवून दिली. तासाभराने मी स्वयंपाकघरात शिरले, तर हिंग उघड्यावर पडला असावा असा वास. आईने पुडी पुन्हा बाहेर काढली, खिडकीतल्या उजेडात धरून उलटसुलट पाहिली आणि मला विचारले, "हिच्यात पाणी भरून गाठ मारली तर दोन दिवस थेंब गळत नाही. मग वास कुठून जातो गं?"

मी रसायनशास्त्राची. अमरावती रस्त्यावरच्या एलआयटीत, म्हणजे कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभ्या राहिलेल्या संस्थेत शिकले आणि पुढची बरीच वर्षे पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंचे पदार्थ, याच विषयात रमले. त्यामुळे उत्तर जिभेवर तयार होते. "प्लॅस्टिकला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात, आई," मी म्हणाले. तिने कैरीच्या फोडी पुसता पुसता थोडा विचार केला आणि शांतपणे विचारले, "म्हणजे हिंग पाण्याहून बारीक असतो?"

यावर मला गप्प बसावे लागले, कारण पाण्याच्या रेणूहून लहान रेणू फार थोडे आहेत. पाण्याचा रेणुभार १८ आहे. हिंगाला त्याचा उग्र वास देणाऱ्या गंधकयुक्त पदार्थांपैकी जो प्रमुख, त्याचा १६२. नऊ पट जड, लांबोळका, फांद्या फुटलेला रेणू ज्या छिद्रातून बाहेर येऊ शकतो, त्यातून पाणी केव्हाच वाहून गेले असते. माझे उत्तर चुकीचे होते. ते मी विद्यार्थ्यांना कधीही दिले नसते, पण घरात, घाईत, आईला समजेल असे सोपे काही सांगावे म्हणून देऊन मोकळी झाले. तिच्या प्रश्नाची पूर्ण किंमत मला त्या दिवशी रात्री कळली, आणि तेव्हापासून हे लिहायचे मनात होते.

छिद्रांची कल्पना आपल्या मनात इतकी पक्की का बसलेली असते, याचे उत्तर त्याच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, तिवईवर होते. माठाला खरोखरच छिद्रे असतात. भाजलेल्या मातीच्या कणांमध्ये एकमेकींना जोडलेल्या पोकळ्या राहतात, त्यांतून पाणी झिरपत बाहेरच्या अंगाला येते, नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात तिथे झपाट्याने उडून जाते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठातली वाट कायमची असते, पाणी नसले तरी ती तिथेच असते. पन्नीत अशी कायमची वाट कुठेच नाही. तिच्यात जी वाट असते ती क्षणभर उघडते, मिटते, मग दुसरीकडे उघडते. आणि त्या वाटेवर पाऊल टाकण्याआधी पन्नीने तुम्हाला आत घ्यावे लागते.

हे समजायला पन्नी कशाची बनली आहे ते पाहिले पाहिजे. कर्बाचा एक अणू, त्याला चिकटलेले हायड्रोजनचे दोन, पुन्हा कर्ब, पुन्हा दोन हायड्रोजन, अशी हजारो कड्यांची साखळी म्हणजे पॉलिइथिलीन. यापेक्षा साधी साखळी रसायनशास्त्रात नाही. असे लांबलचक रेणू असू शकतात हेच मुळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मान्य नव्हते. रबर, रेशीम, कापूस हे लहान रेणूंचे कसल्या तरी अनाकलनीय ओढीने बांधलेले पुंजके आहेत, असे भले भले रसायनशास्त्रज्ञ मानत असत. १९२० साली हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने सांगितले की हे पुंजके नाहीत, एकाला एक पक्क्या रासायनिक बंधांनी जोडलेल्या साखळ्या आहेत. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे विरोध सोसावा लागला आणि नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली, वयाच्या ७२व्या वर्षी. त्यांचे म्हणणे मला आजही विलक्षण वाटते, कारण त्यातून पदार्थाच्या स्वभावाचे एक नवेच कारण हाती आले. पदार्थ कशाचा आहे याइतकेच, कधी त्याहूनही जास्त, महत्त्व त्याच्या साखळ्या किती लांब आहेत, त्यांना फांद्या आहेत की नाहीत आणि त्या एकमेकींशेजारी कशा पहुडल्या आहेत याला आले.

आणि त्या पहुडलेल्या असल्या तरी निश्चल नसतात. दिवाळीच्या आधीच्या रविवारी सीताबर्डीच्या मेन रोडवर जो गेला असेल त्याला हे लगेच कळेल. त्या गर्दीत जायला रस्ता असा नसतो. पण कोणी खांदा वळवतो, कोणी दुकानाच्या पायरीवर चढतो, एक फट पडते, तुम्ही पाऊलभर पुढे सरकता, मागची फट मिटते आणि तुम्ही पुढची फट पडायची वाट पाहत उभे राहता. पन्नीतल्या साखळ्यांचे तुकडे उष्णतेने असेच सतत वळवळत असतात. त्यांच्यात क्षणभर पडणाऱ्या फटींच्या एकूण जागेला आमच्या विषयात मुक्त आकारमान म्हणतात, आणि परका रेणू एका फटीतून दुसरीत उडी मारत पुढे जातो त्याला विसरण. गर्दी जितकी अस्वस्थ तितकी वाटचाल जलद, म्हणून तोच हिंग त्याच पन्नीतून डिसेंबरपेक्षा मे महिन्यात अधिक वेगाने बाहेर येतो.

पण उडी मारण्याआधी आत शिरकाव हवा, आणि आईच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. पाण्याच्या रेणूला दोन ध्रुव आहेत, एकीकडे किंचित धन, दुसरीकडे किंचित ऋण, आणि ते रेणू एकमेकांचे हात घट्ट धरून असतात. पॉलिइथिलीनच्या साखळीकडे त्यांना देण्यासारखे काही नाही. ती तेलाच्या कुळातली आहे. पाणी आपली सोबत सोडून तिच्यात विरघळायला जवळजवळ तयारच होत नाही. हिंगाचे गंधद्रव्य मात्र बव्हंशी कर्ब-हायड्रोजनचे, स्वभावाने तेलकट, त्यामुळे ते पन्नीच्या आतल्या पृष्ठभागात सहज विरघळते, उड्या मारत पलीकडे पोचते आणि हवेत निघून जाते. एखादा पदार्थ पडद्यातून किती जाईल हे दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: तो पडद्यात किती विरघळतो आणि विरघळल्यावर किती वेगाने सरकतो. हिंग सरकतो पाण्याहून हळूच, पण विरघळतो इतका जास्त की गुणाकारात पाण्याला मागे टाकतो.

ही गोष्ट १८६६ साली टॉमस ग्रॅहॅम यांनी रबराच्या पातळ पडद्यावर दाखवली होती. डायलिसिस हा शब्द ज्यांनी रूढ केला तेच हे ग्रॅहॅम, त्या वेळी लंडनच्या टांकसाळीचे प्रमुख. त्यांना आढळले की रबरातून कार्बन डायऑक्साइड हा वजनाने जड वायू नायट्रोजनच्या साडेतेरा पट वेगाने जातो, आणि ऑक्सिजन अडीच पट. छिद्रातून जाणाऱ्या वायूंमध्ये हलका वायू पुढे असायला हवा. इथे जड वायूच पुढे होता. त्यांनी निष्कर्ष काढला की वायू आधी रबरात द्रवासारखा सामावला जातो आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा वायू होऊन बाहेर पडतो. श्टाउडिंगरच्या साखळ्या अजून पन्नासेक वर्षे दूर होत्या, रबर कशाचे बनले आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि तरी हा माणूस केवळ काळजीपूर्वक मोजमाप करून योग्य जागी पोचला. माझ्या आईने विचारलेला प्रश्न आणि ग्रॅहॅम यांना पडलेला प्रश्न एकच होता, फक्त तिच्याकडे मोजायला नाक होते.

दुसऱ्या दिवशी मी आईला हळदीने पिवळा पडलेला डबा दाखवला. दर नागपुरी घरात असा एक तरी प्लॅस्टिकचा डबा असतो, ज्यात कधीतरी गरम रस्सा भरला गेला आणि मग कितीही घासले तरी पिवळेपणा गेला नाही. आईचा समज होता की तो रंग डब्याला चिकटला आहे. तो चिकटलेला नाही, डब्यात विरघळलेला आहे. हळदीतला कुर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, तेल त्याला डब्याच्या भिंतीपर्यंत नेते, आणि रस्सा गरम असेल तर भिंतीतल्या साखळ्या जास्त हलतात, फटी जास्त पडतात, रंग खोल जातो. घासणी वरून फिरते आणि रंग आत असतो. स्टीलच्या डब्यात हे घडत नाही, कारण धातूचे अणू आपापल्या जागी जखडलेले असतात. त्यांच्यात वळवळणारी गर्दीच नाही.

आता रचनेकडे येते, कारण सगळ्या पन्न्या सारख्या नसतात आणि आईच्या हातांना हे माझ्याआधी ठाऊक होते. दुधाची पिशवी मऊ असते, ओढली तर ताणते, आवाज करत नाही. भाजीवाल्याकडची जुनी पातळ पन्नी चुरचुरते, फार ताणत नाही, सुटली की सरळ फाटत जाते. दोन्ही पॉलिइथिलीनच. पहिल्या प्रकारचे पॉलिइथिलीन १९३३च्या मार्चमध्ये इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांना प्रचंड दाबाखालच्या एका प्रयोगात अनपेक्षितपणे मिळाले: भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा थर. त्या दाबाखाली साखळ्या वाढतात त्या वेड्यावाकड्या, लहानमोठ्या फांद्या फुटत. १९५३ साली जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी उत्प्रेरकाच्या साहाय्याने साध्या दाबाला तीच साखळी जवळजवळ बिनफांदीची, सरळ वाढवून दाखवली. सरळ साखळ्या घड्या घालून एकमेकींलगत नीट रचल्या जातात आणि स्फटिक बनतात. फांद्या असल्या की रचणे बिघडते. फांद्यांच्या पॉलिइथिलीनचा साधारण निम्मा किंवा त्याहून कमी भाग स्फटिकी असतो, सरळ साखळ्यांच्या पॉलिइथिलीनचा साठ ते ऐंशी टक्के. एवढ्या एका फरकाने पदार्थ कडक होतो, वितळबिंदू ११०च्या आसपासचा १३०च्या आसपास जातो आणि त्यातून जाणाऱ्या वायूंचे प्रमाण कित्येक पटींनी घटते.

का घटते, ते नागपूरच्या महाल या जुन्या भागातल्या गल्ल्यांत चालताना मला नेहमी आठवते. स्फटिक म्हणजे जुने वाडे. त्यांच्या भिंतींतून कोणाला जाता येत नाही, त्यांच्यात विरघळताही येत नाही. परका रेणू वाड्यांना वळसे घालत, मधल्या गल्लीबोळांतून, म्हणजे साखळ्यांच्या अव्यवस्थित भागांतूनच पलीकडे जातो. वाडे वाढले की गल्ल्या अरुंद आणि लांब होतात. शिवाय हेच वाडे गल्लीतल्या साखळ्यांची टोके धरून ठेवतात, त्यामुळे तिथली वळवळही आवरली जाते. हिंगाच्या पांढऱ्या डबीला जाड भिंत असते आणि ती बहुधा या सरळ साखळ्यांच्या पॉलिइथिलीनचीच असते, यामागचे शास्त्र हे आहे. वास तिच्यातूनही येतो, पण उशिरा आणि कमी.

साखळ्यांची वळवळच थांबवली तर काय होते, तेही घरातच दिसते. प्रत्येक पॉलिमरचे एक तापमान असते, ज्याच्या खाली त्याच्या अव्यवस्थित भागातल्या साखळ्या गोठल्यासारख्या होतात. त्याला काचसंक्रमण तापमान म्हणतात. पाण्याच्या पारदर्शक बाटलीचे पॉलिएस्टर सत्तर-पंचाहत्तर अंशांखाली काचेसारखे असते, म्हणजे आमच्या मे महिन्याच्या उन्हातही ते गोठलेलेच राहते. त्यात बाटली फुगवताना साखळ्या दोन दिशांना ताणून रचलेल्या असतात, म्हणून सोड्यातला वायू त्या भिंतीतून महिनोन्‌महिने हळूहळू झिरपतो, एका रात्रीत नाही. नैसर्गिक रबराचे हेच तापमान उणे सत्तर अंशांच्या आसपास असते. नागपूरच काय, हिमालयातही रबर आतून द्रवासारखे चंचल असते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली शोधलेले गंधकाचे पूल साखळ्यांना जागोजागी बांधून ठेवतात म्हणून त्याला आकार राहतो, एवढेच. वाढदिवसाचा फुगा सकाळी मलूल होतो तो गाठीतून हवा गेल्यामुळे कमी, त्याच्या अंगातून गेल्यामुळे जास्त.

फुग्यावरून संत्र्याकडे यायलाच हवे, कारण नागपूरकराला तो प्रयोग सहज करता येतो. माझ्या भाच्याने केला तेव्हा तो सात वर्षांचा होता. संत्र्याची ताजी साल फुगलेल्या फुग्याजवळ दुमडून दाबायची. सालीतल्या तेलाचे बारीक तुषार फुग्यावर पडतात आणि फुगा फुटतो. त्या तेलाचा बहुतेक भाग लिमोनीन असतो, आणि लिमोनीन व रबर या दोन्हींची घडण पाच कर्बांच्या एकाच एककातून, आयसोप्रीनमधून, झालेली आहे. एकात ते एकक दोनदा, दुसऱ्यात हजारो वेळा. असा जवळचा नातलग रबरात झटकन विरघळतो, त्या ठिपक्यापुरते रबर फुगून दुबळे होते आणि ताणलेला पडदा तिथून फाटतो. थर्माकोलच्या तुकड्यावर हेच तेल लावले तर तो विरघळून खड्डा पडतो. हाच लिमोनीन संत्र्याच्या रसाच्या खोक्यालाही त्रास देतो. खोक्याच्या आतल्या पॉलिइथिलीनच्या अस्तरात तो विरघळून जातो, रसाचा सुगंध अस्तराच्या वाट्याला येतो आणि पिणाऱ्याला रस फिका लागतो. एकही थेंब न गळता रसातले सर्वांत चांगले तेवढे निघून जाते.

पाणी अडवण्यात पटाईत असलेले पॉलिइथिलीन ऑक्सिजनला मात्र फारसे अडवत नाही. त्याच्या उलट, साखळीवर पाण्यासारखेच हात असलेले, म्हणजे हायड्रॉक्सिल गट असलेले काही पॉलिमर ऑक्सिजनला उत्तम अडवतात, कारण त्या हातांनी साखळ्या एकमेकींना घट्ट धरतात आणि फटी पडू देत नाहीत. पण दमट हवेत पाणी येऊन तेच हात आपल्याकडे ओढते, पकड सैल होते आणि ऑक्सिजनही शिरू लागतो. म्हणूनच अशा थराला दोन्ही बाजूंनी पॉलिइथिलीनसारख्या थरांत दाबतात. फरसाणाच्या चकचकीत पाकिटावरचा ॲल्युमिनियमचा थर तर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकाही नसतो, तरी कुरकुरीतपणा तोच टिकवतो.

आईची लोणच्याची बरणी मात्र या सगळ्याच्या बाहेरची. चिनी मातीची, आतून-बाहेरून चकाकणारा काचेचा थर दिलेली, आणि तोंडाला सुती फडके. फडके का, झाकण का नाही, असे मी लहानपणी विचारले होते. "लोणच्याला वारा लागायला पाहिजे, बाई," एवढेच उत्तर मिळाले. कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजची साखळी. ज्वारीच्या भाकरीतला स्टार्चही ग्लुकोजचीच साखळी. फरक फक्त कडी कोणत्या बाजूने जोडली आहे एवढाच. एका जोडणीने साखळी वळत जाते, पाण्यात शिजते, पोटात पचते. दुसरीने ती सरळ राहते, शेजारणींना घट्ट धरते आणि विदर्भाच्या काळ्या मातीत पऱ्हाटीच्या बोंडातून धागा होऊन बाहेर येते. तो धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. लोणच्यातून निघालेली वाफ फडक्यातून जाते, धाग्यांमधल्या मोकळ्या जागेतून आणि धाग्यांच्या आतूनही.

आणि संत्रे स्वतः? ते झाडावरून काढल्यावरही जिवंत असते, श्वास घेत असते. त्याच्या सालीवर क्युटिन नावाच्या, मेदाम्लांपासून बनलेल्या नैसर्गिक पॉलिएस्टरचा पातळ थर आणि त्यावर मेण असते, पाणी आत राखायला. मंडईत जाण्याआधी फळे धुतली की त्यातले काही मेण निघून जाते, म्हणून बांधणीच्या ठिकाणी वरून पुन्हा मेणाचा थर देतात. तो जास्त दाट झाला तर फळ गुदमरते आणि चव आंबूस-मद्यासारखी होते. विरळ झाला तर सुरकुतते. पाणी धरायचे, पण ऑक्सिजनला येऊ आणि कार्बन डायऑक्साइडला जाऊ द्यायचे, हे झाडाने जसे जमवले आहे तसे आम्हाला अजून प्रयत्नाने जमवावे लागते. माझ्या सगळ्या अभ्यासात मला याहून सुंदर पडदा दिसलेला नाही.

हे सगळे मी आईला एका बैठकीत सांगितले नाही. हिंगाचे त्याच दिवशी सांगितले, डब्याचे दुसऱ्या दिवशी, संत्र्याचे मृगाचा बहार बाजारात आला तेव्हा. तिने ऐकले, मध्ये मध्ये अडवले, आणि हिंग काचेच्या बाटलीत हलवला. हळदीचा डबा मात्र तिने गच्चीवर उन्हात नेऊन ठेवला. संध्याकाळी पिवळेपणा बराच उतरला होता, कारण उन्हाने कुर्क्युमिन मोडते. तिने डबा नाकाशी नेला आणि म्हणाली, "रंग गेला, पण रश्श्याचा वास आहेच की."

मी म्हणाले की वास ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येणार, एकेक उडी मारत. गरमीत लवकर येईल, पण आत जायला जितका वेळ लागला त्याहून कमी वेळात येईल असे नाही.

"मग राहू दे अजून दोन-चार दिवस," ती म्हणाली, आणि झाकण बाजूला काढून डबा कठड्यावर उपडा ठेवला.